मरव्याला ऊन

पान अजून हिरवंच होतं. म्हणजे वरून पांढरं, कडेकडेने तर मिठाची बारीक कणी चिकटवल्यासारखं, पण चेतनाने बोटाचं टोक टेकवलं तेव्हा त्या कणीचं पाणी झालं आणि बोटाएवढ्या जागेत खालचा हिरवा रंग दिसला. मरव्याचं पान ते केवढं, करंगळीच्या नखाएवढं. त्यात बोटाएवढी जागा म्हणजे अख्खं पानच. तिने बोट नाकाशी नेलं. वास नव्हता. थंडीने वाससुद्धा गोठतो की काय कोण जाणे... पण मेलेलं नव्हतं ते. अजून नाही.

कुंडी रात्रभर ओट्यावर राहिली होती. दिवाळीपासून एकही संध्याकाळ अशी गेली नव्हती. दिवेलागण झाली की कुंडी आत, आंघोळीच्या पाण्याच्या चुलीशेजारी, वर टोपलं, टोपल्यावर बारदान, आणि सकाळी पुन्हा बाहेर. मोलगीच्याही वर, जिथे जीप धापा टाकत येते त्या या शाळेच्या गावात पौषात गवतावरचं दव गोठतं हे खाली सासरी, रनाळ्यात, कुणाला सांगितलं तर लोक हसतील; तिकडे थंडी म्हणजे शेकोटीपुरती, गप्पा मारायला निमित्त. आणि काल नेमकी कुंडी राहिली. राहिली म्हणजे — दिवा लावायच्या वेळेलाच सासूने अंथरूण भरवलं होतं. तो जड देह एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करायचा, पुसायचा, लुगडं बदलायचं, गोधडी धुवायची, पिंपातल्या बर्फासारख्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून... त्यातून उठली तेव्हा चेतनाच्या बोटांना ताटातली भाकरी मोडता येत नव्हती. जेवली आणि धोंडा पडावा तशी पडली. मग कुंडी कुणाच्या लक्षात राहणार? योगेंद्रच्या? त्याच्या लक्षात त्याचा स्वेटर कुठे आहे हे राहिलं तरी खूप.

तरी हातात तांब्या होताच. काय करायचं हे तिला ठाऊक होतं. तुळशीबाईने शिकवलं होतं. तुळशीबाई शाळेतली खिचडी शिजवायची, तिचं शेत शाळेमागच्याच उतारावर. पहिल्यांदा गवत पांढरं झालं त्या दिवशी ती मुद्दाम ओट्याशी थांबली होती. दव पांढरं झालं ना ताई, तर झाडाला ऊन दाखवायचं नाही, ती म्हणाली होती. ऊन यायच्या आत विहिरीचं पाणी शिंपडायचं आणि सावलीत ठेवायचं, हळूहळू उठतं ते. आणि वर, आपल्या भाजीच्या वाफ्यांकडे बघत, अगदी सहज — "गारठ्याने नाही मरत ताई. उन्हाने मरतं."

चेतनाला तेव्हा ते खरं वाटलं नव्हतं. सपाटीवर वाढलेल्या माणसाला कसं वाटेल? गारठलेलं वासरू असो, बाळंतीण असो, पापड असोत, आधी उन्हात. पण तुळशीबाईचे वाफे वाचले आणि शाळेच्या फाटकाशी कुणीतरी हौसेने लावलेली झेंडूची रोपं सकाळच्या उन्हात दुपारपर्यंत काळी पडली, ते तिने डोळ्यांनी पाहिलं.

ऊन अजून कड्याच्या मागेच होतं. अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, हापशापाशी, ते पहिलं उतरायचं. तिथे आता कुठे पिवळी रेघ आली होती. वेळ होता. तिने तांब्या तिरपा धरला...

हा मरवा वाचायलाच हवा होता. तोही झाडाच्या प्रेमाने नव्हे — उगाच खोटं कशाला बोला. रविवारी नवल येणार होता, थोरला दीर, आईला न्यायला. दगूबाईला लकवा मारला, उजवी बाजू आणि जीभ गेली, तेव्हा दोन्ही भावांनी आईचे महिने वाटून घेतले होते आणि थंडीचे महिने बरोब्बर डोंगरातल्या मास्तराच्या, योगेंद्रच्या, वाट्याला आले. डोंगरात हवा चांगली असते म्हणे! दिवाळी झाल्यावर नवलने जीपमधून आईला आणलं, तेव्हा तिच्या मांडीवर ही कुंडी होती. सोडेचना ती. चांगल्या डाव्या हाताने अशी कवटाळली होती की आधी कुंडी उतरवायची की म्हातारी, असा प्रश्न पडला. आणि आता रविवारी ती कुंडी भरगच्च, हिरवीगार, रनाळ्याला परत जाणार, गल्लीतल्या बायका बघणार, थोरली जाऊ कमलबाई बघणार, आणि कुणीतरी विचारणार की डोंगरातल्या थंडीत जगवला कुणी... बस्स. तेवढ्यासाठी चेतना दिवाळीपासून बारदान झटकत आली होती.

कारण दगूबाईचं एक वाक्य होतं. दुसऱ्या वेळी, पाचव्या महिन्यात, चेतना दवाखान्यातून रिकामी परत आली तेव्हा ओट्यावर चार बायका बसलेल्या, पाणी कुणी विचारलं नव्हतं, आणि दगूबाई गहू निवडता निवडता, मान वरसुद्धा न करता म्हणाली होती — "हिना हातनं काहीच जगस नही." रागाने नाही. यंदा पाऊस कमी आहे असं म्हणावं तसं. त्यानंतर लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, विरजण लावायचं नाही आणि मरव्याच्या कुंडीच्या तर वाटेलाही जायचं नाही. श्रावणात कानबाईच्या सणाला गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया मरवा न्यायला यायच्या, दगूबाई एकेकीच्या हातात काडी द्यायची, वेणीत माळायचीसुद्धा. आणि सूनबाईची वेळ आली की काडी पाटावर ठेवायची. घे उचलून. हाताला हात लागायला नको.

अकरा वर्षं... मी ती काडी पाटावरून उचलत आले. एकदाही टाकून दिली नाही, हे आठवलं की मला माझीच किळस येते.

म्हणून इथे आल्यावर चेतनाने रोजचा एक नेम ठेवला होता. सकाळी योगेंद्र आईची खाट दाराशी आणायचा, तोंड धुवून द्यायचा आणि शाळेच्या घाईत आत पळायचा. मग चेतना मरव्याचा एक शेंडा खुडायची, दोन बोटांत चुरडायची आणि म्हातारीच्या नाकाशी न्यायची — नाकाशी म्हणजे अगदी नाकाशी नाही, चार बोटं लांब. दगूबाई मान उचलायला बघायची. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, लाळ गळायची, नाकपुड्या फुलायच्या आणि चांगल्या डोळ्यात पाणी यायचं. तेवढं झालं की चेतना म्हणायची, "पाहिलंत आई? जगलाय. माझ्या हातचा आहे." पुस्तकी मराठीत म्हणायची, मुद्दाम. लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेल्या सुनेची ती भाषा दगूबाईला आधीपासून टोचायची. मग तो चुरडा उशीवर ठेवायची. हातात नाही. उशीवर, थोडा पलीकडे, जिथे लुळा उजवा हात होता त्या बाजूला.

बघणाऱ्याला काय, सून सासूला मरवा हुंगवते आहे. योगेंद्रने एकदा पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. भोळा सांब!

"चेतना, जरा धर तं," दारातून त्याचा आवाज आला. खाट उंबऱ्यात अडकली होती. चेतनाने तांब्या ओट्यावर ठेवला, खाटेचा पाय उचलला, खाट बाहेर आली. दगूबाईने लगेच, रोजच्यासारखी, मान वळवून कुंडी शोधली.

पांढरा पडलेला मरवा तिने पाहिला.

आधी नुसतं तोंड उघडलं. मग घशातून घरघर निघाली, मग ओठाची चांगली बाजू हलायला लागली. योगेंद्र वाकला, माय, काय होई ऱ्हायनं म्हणून विचारू लागला. दगूबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती चेतनाच्या हाताकडे बघत होती. काल कोपरापर्यंत थंड पाण्यात होता त्याच हाताकडे, अजून कातडी भेगाळलेली होती त्याची. आणि मग — तीन महिन्यांत ज्या जिभेतून ‘पाणी हवं’सुद्धा धड निघालं नव्हतं, तिच्यातून दोन शब्द निघाले. तुटके, लाळेत भिजलेले, पण लख्ख.

"जगस... नही."

"माय बोलनी!" योगेंद्र ओरडलाच. "चेतना, आयकं का? माय बोलनी!" तो मोबाइल शोधायला आत पळाला, नवलला सांगायचं होतं त्याला. काय बोलली ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. लेकराचा पहिला शब्द शिवी असला तरी आईबाप पेढे वाटतात, त्यातली गत.

चेतना उभी होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. अख्खी जीभ गेली, सगळी भाषा गेली, पोराचं नाव गेलं, देवाचं नाव गेलं, आणि उरलं काय तर हे. एवढंच शिल्लक ठेवलं होतंस का गं बये, तळाशी, माझ्यासाठी? तिला काही दुखलं नाही. त्याचंच तिला नवल वाटलं. आत कुठेतरी एक दार होतं, दिवाळीपासून ते ती पायाने अडवून उभी होती, आणि आता पाय आपोआप बाजूला झाला.

दगूबाईचा डावा हात उठला होता. बोट अंगणापलीकडे, हापशाकडे. ऊन आता तिथे घोंगडीएवढं पसरलं होतं.

"ऊन... उनमा."

चेतनाने तांब्याकडे पाहिलं. विहिरीचं पाणी, अजून कोमट, वर पुसट वाफ. ओंजळभर पाण्याचं तर काम होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. आई, उन्हाने मरतं ते.

"उनमा!" म्हातारीने खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, हात आपटला.

"ठेव ना मंग उनमा," योगेंद्र मोबाइल कानाला लावूनच दारात आला, "माय म्हनी ऱ्हायनी तं."

"बरं आई," चेतना म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं."

इतक्या सहज ती सासूला कधी हो म्हणाली नव्हती. तिने कुंडी उचलली. काठावर चुन्याची जुनी रेघ होती, दगूबाईच्या बोटाने ओढलेली. कुंडी पोटाशी धरून ती अंगण ओलांडून गेली, हापशाच्या कट्ट्यावर जिथे ऊन अगदी नितळ होतं तिथे ठेवली, जरा फिरवली, म्हणजे सगळीकडून लागेल. मग परत आली आणि योगेंद्रला म्हणाली की आईंची खाटही तिकडेच नेऊ या, ऊन लागेल त्यांना आणि झाड डोळ्यांसमोर राहील. योगेंद्रने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की... काय म्हणावं, पूजेला उभी केलेली बाई असावी ती. दोघांनी मिळून खाट नेली.

तो शाळेत गेला. चेतनाने भाकरी टाकल्या, भांडी घासली, कालची गोधडी पिळून तारेवर घातली. दर थोड्या वेळाने खिडकीतून बघत होती. आधी मरवा चमकला. प्रत्येक पानावर एकेक थेंब, असा देखणा दिसत होता की दगूबाईच्या तोंडाची चांगली बाजू हसत होती. तिने चेतनाकडे बघून, खिडकीकडे, हात हलवला. बघ, असा. बघ, उठला. चेतनानेही मान हलवली. मग थेंब सुकले. मग शेंडे वाकले, उकडलेल्या मेथीसारखे, एकेक, आणि पानं आधी गडद हिरवी झाली, पाण्यात भिजल्यागत, आणि मग काळी.

मी काय केलं? सांगितलं तसं केलं. अकरा वर्षं हेच तर हवं होतं ना सगळ्यांना, की सांगितलं तसं करावं. ती चुलीपुढून उठून खिडकीशी जात होती, खिडकीपासून चुलीपुढे येत होती, आणि आपल्याला आनंद होतो आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. भाजी खारट झाली एवढं मात्र कळलं.

खिचडी वाटून झाल्यावर तुळशीबाई आली. दगूबाईला तेव्हा डुलकी लागली होती, तोंड उघडं, हात कुंडीच्या दिशेने लोंबलेला. तुळशीबाई कट्ट्याशी थांबली, मरव्याकडे बघत राहिली, मग मागच्या दाराशी आली.

"ऊन कोणी दाखवलं?"

"आईंनी."

"त्या कशा दाखवतील? त्यांना उठता येत नाही."

चेतनाने हात पदराला पुसले. तुळशीबाई तिच्याकडे बघत होती, आणि ते बघणं काही रागाचं नव्हतं. बाजारात एखादा ओळखीचा माणूस माप मारताना दिसावा आणि आपणच मान फिरवावी, तसं तिने मग मान फिरवली. परत कट्ट्याशी गेली. खोडाशी नखाने जरा खरवडलं, वास घेतला, आणि येऊन सांगितलं की वरचं गेलं पण आत हिरवं आहे, मूळ आहे. वीतभर ठेवून कापायचं, चुलीपाशी ठेवायचं, पाणी अगदी बेताचं. होळीच्या सुमाराला फुटेल. जाताना थांबली.

"म्हातारीला सांगा ताई. जिवाला बरं वाटेल."

"सांगते," चेतना म्हणाली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दगूबाई जागी झाली. चेतना तारेवरची गोधडी काढत होती, तिला पाठीमागून काही आवाज आला नाही, आणि आवाज आला नाही म्हणूनच ती वळली. म्हातारी मरव्याकडे बघत होती. काळ्या काड्यांना काळा चुरा लोंबत होता. ओरडली नाही, घरघर नाही, काही नाही. चेतना वाट बघत होती. आता ते वाक्य पुन्हा येणार, आणि या वेळी चेतनाकडे उत्तर तयार होतं, दिवसभर घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. उन्हात ठेवायला कुणी सांगितलं, आई?

ती खाटेपाशी गेली. आत न्यायची वेळ झाली होती, योगेंद्र येतच होता. तिने म्हातारीच्या मानेखाली हात घातला तेव्हा दगूबाईने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. गार, राठ, अजून जोर असलेला हात. अकरा वर्षांत तो तिला असा लागला नव्हता. दिवाळीपासून चेतनाच त्या देहाला हात लावत होती, त्या देहाने तिला लावला नव्हता. दगूबाईने मनगट डोळ्यांपुढे आणलं, पाहिलं, मग ते सोडलं आणि आपलाच हात डोळ्यांसमोर धरला. उलटा केला. सुलटा केला.

"मन्हा," ती म्हणाली. ओठ जुळत नव्हते. "मन्हा... हात." मग बराच वेळ नुसती लाळ. आणि मग चेतनाच्या हाताकडे बोट करून, मान हलवत — "तुन्हा नही."

चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं. वाईट डोळ्यातून तर नेहमीच यायचं.

घोटलेलं उत्तर चेतनाच्या तोंडातच राहिलं. त्याच्या जागी दुसरं आलं, अगदी ओठांशी. मूळ आहे, आई. एवढंच. एवढंसं वाक्य. म्हातारी ते घेऊन रविवारी जीपमध्ये बसली असती, होळीची वाट बघत पडली असती रनाळ्याच्या पडवीत... होळीपर्यंत ती राहील का, हा निराळा प्रश्न. पण मूळ आहे म्हटलं की मरवा मेला नाही, आणि मरवा मेला नाही की म्हातारीच्या हाताने काही मेलं नाही, मग तुन्हा नही कशाला? ते दोन शब्द मरवा मेलाय तोवरच चेतनाचे होते. तिने गोधडी खांद्यावर नीट केली.

"थंडी वाढतेय आई," ती म्हणाली. "आत जाऊ."

दिवा लावून झाल्यावर तिने कुंडी मागच्या दाराने आत आणली. विळीवर एकेक काडी धरून वीतभर ठेवून कापली. आणि वास सुटला. पानं काळी पडली तरी काड्यांत सगळा शिल्लक होता, कानबाईच्या सकाळी रनाळ्याच्या ओट्यावर सुटायचा तसा, वेण्यांचा, ओल्या लुगड्यांचा. इतका की तिने दचकून मधलं दार लोटून घेतलं. कुंडी चुलीशेजारी सरकवली, वर टोपलं, टोपल्यावर बारदान. होळीला फुटेल. जगेल. तिच्या हातचं एक काहीतरी जगेल, इथे, या टोपल्याखाली, आणि ते तिला जन्मात कुणालाही दाखवता येणार नाही.

पलीकडच्या खोलीत म्हातारीने मोठ्याने श्वास ओढला. मग पुन्हा. नाकाने हुंगल्यासारखा, सकाळी शेंड्यासाठी मान उचलताना ओढायची तसा.

"चेतना," योगेंद्रची हाक आली, "माय काय तरी सांगी ऱ्हायनी. ये तं."

ती उठली नाही. दोन्ही हात बारदानावर होते, चुलीची ऊब खालून लागत होती आणि हातांना मरव्याचा वास येत होता. जावं. सांगून टाकावं. पण आपण उठलो तर सांगायला उठू, की ते दोन शब्द आणखी एकदा ऐकून घ्यायला, हेच तिला ठरवता येईना. आणि पलीकडे दगूबाई हुंगत होती, थांबत होती, पुन्हा हुंगत होती.